सात नावनोंदण्या आणि तेरा तास: नववीतल्या एका उपक्रम-निवडीचं प्रकरण

मुलगी नववीत नव्या शाळेत आली. आधीची शाळा लहान होती, तिथे वर्षातून एखादा कार्यक्रम सोडला तर अभ्यासाबाहेरचं फारसं काही नव्हतं. इथे दुसऱ्याच आठवड्यात सगळ्या मंडळांनी टेबलं मांडली, सिनियर मुलं पोस्टर घेऊन उभी राहिली आणि तासाभरात तिने सात ठिकाणी नाव दिलं: वादविवाद, रोबोटिक्स, पर्यावरण मंडळ, नाटक, विद्यार्थी परिषद, शाळेचं मासिक आणि लांब पल्ल्याचं धावणं.

सहाव्या आठवड्यात वर्गशिक्षकांनी तिला समुपदेशकाकडे पाठवलं. गुण फारसे घसरले नव्हते. दोन गृहपाठ उशिरा आले होते, पहिल्या तासाला डोळे मिटत होते, आणि विचारलं की "सगळं छान चाललंय" हे ठरलेलं उत्तर यायचं. "या सातांपैकी उद्या काय बंद पडलं तर तुला चुकल्यासारखं वाटेल?" या प्रश्नावर मात्र ती अडखळली. मग म्हणाली, "नाटकात आवाज लावतात ना, ते बघायला आवडतं." नाटकात ती स्वतः गर्दीतल्या एका भूमिकेत होती.

(प्रकरण नमुन्यादाखल रचलेलं आहे. मुलगी आणि शाळा काल्पनिक आहेत. अडचणी मात्र नववीत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्याच घेतल्या आहेत.)

आधी हिशेब, मग आवड

पहिल्या भेटीत आवडीनिवडीची चर्चा मुद्दाम लांबवली. या वयातल्या मुलांना "तुला काय आवडतं?" असं थेट विचारलं की बहुतेकदा समोरच्याला बरं वाटेल ते उत्तर मिळतं. त्याऐवजी आठवडा कागदावर मांडला.

एकूण तास १६८. झोप रोज ९ तासांप्रमाणे ६३. शाळा आणि ये-जा ४५. गृहपाठ-अभ्यास १४. जेवण, आंघोळ, घरातली कामं २१. बेरीज १४३, उरले २५. त्यातले १२ तास काहीही न ठरवता मोकळे ठेवले: मैत्रिणी, घरची माणसं, नुसतं लोळणं. या १२ तासांवर पालकांची नजर लगेच जाते आणि ते वाया चालल्यासारखे वाटतात. पण ते लिहून ठेवले नाहीत तर मूल ते रात्री उशिरापर्यंत जागून वसूल करतं, म्हणून लिहायचेच. उपक्रमांसाठी राहिले १३.

आता खर्चाची बाजू. पोस्टरांवरच्या वेळा जोडल्या तर सातही उपक्रम मिळून १४ तास होत होते, म्हणजे तेराहून तासभरच वर. मग तिला मागच्या दोन आठवड्यांत प्रत्यक्ष गेलेला वेळ लिहायला सांगितलं. वादविवादाच्या दोन मीटिंग ३ तासांच्या, पण मुद्दे काढायला घरी आणखी अडीच तास. रोबोटिक्स २ ऐवजी ३. नाटक ४ ऐवजी ६, कारण तालीम वेळेवर सुटत नाही आणि आपला प्रवेश येईपर्यंत थांबावं लागतं. धावणं २ ऐवजी ३, मासिक १ ऐवजी दीड. परिषद आणि पर्यावरण मंडळ तेवढे एकेका तासात आटोपत होते. बेरीज २१.

तेरा तासांच्या जागेत एकवीस. वरचे ८ तास शाळेच्या पाच रात्रींतून जात होते, म्हणजे रात्री दीड तासाहून जास्त. झोप सव्वासात-साडेसात तासांवर आली होती. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ साली १३ ते १८ वयासाठी २४ तासांत ८ ते १० तास झोप सुचवली आहे. सुट्टीच्या दिवशी ही मुलगी अकरापर्यंत झोपायची आणि घरात त्याला आळस म्हणायचे. कागद पाहिल्यावर आईने तो शब्द वापरणं सोडलं. या भेटीचा सगळ्यात मोठा फायदा बहुधा तोच.

प्रत्येक उपक्रमाला तीन प्रश्न

नावनोंदणीच्या दिवशी दिसतो तो मंडळाचा सर्वांत देखणा चेहरा: ढाली, फोटो, चालणारा रोबो. निवड करायची तर एखाद्या साध्या मंगळवारी तिथे काय चालतं ते पाहावं लागतं. म्हणून सातही नावांपुढे तीन प्रश्न लिहिले.

एक, दोन मीटिंगांच्या मधल्या काळात इथे काही काम असतं का? दोन, ते काम नववीतल्या मुलाच्या हाती याच वर्षी येतं का? तीन, आपण एका आठवड्याला गेलो नाही तर कोणाचं काही अडतं का?

तिसरा प्रश्न मुलांना लागतो, पण तोच सगळ्यांत जास्त उघडं करतो. पर्यावरण मंडळात तीसेक मुलं होती आणि वर्षातून दोनदा स्वच्छता मोहीम. ती दोन आठवडे गेली नव्हती, कोणी विचारलं नव्हतं. विद्यार्थी परिषदेत वर्गप्रतिनिधी म्हणून जायचं आणि ठरलेलं ऐकून वर्गात सांगायचं. रोबोटिक्समध्ये रोबो एक आणि मुलं बावीस. प्रोग्रामिंग अकरावी-बारावीची चार मुलं करत, नववीच्या वाट्याला स्क्रू आकारानुसार डब्यांत लावणं आणि बॅनर रंगवणं. मंडळ वाईट नव्हतं, स्पर्धेत चांगली कामगिरी करत होतं. पण जिंकण्याच्या घाईत नवशिक्यांना शिकवायला कोणाला फुरसत नव्हती. नामांकित मंडळांत हे हमखास आढळतं, आणि पालकांना नेमकी तीच मंडळं हवी असतात.

वादविवादाचं उत्तर तिन्ही प्रश्नांना "हो" आलं. जोडीने बोलायचं असल्याने गैरहजेरी लगेच बोचते, आणि मधल्या काळात काम भरपूर. तरीही तिच्या नोंदीत अडीच तासांच्या तयारीपुढे "उद्यावर ढकललं" हे शब्द तीनदा होते. इथे चौथी गोष्ट लक्षात घ्यावी लागली: काम आहे, पण ते आपणहून हातात घेतलं जातं का? मानसशास्त्रज्ञ रीड लार्सन यांनी २००० साली मांडलेला मुद्दा इथे उपयोगी पडतो. वर्गात मुलांचं लक्ष एकवटलेलं असतं पण आतून ओढ नसते. मित्रांबरोबर वेळ घालवताना ओढ असते पण लक्ष एकवटावं लागत नाही. स्वतः निवडलेल्या आणि काही शिस्त असलेल्या उपक्रमांत दोन्ही एकत्र येतात. वादविवादात तिच्याकडे लक्ष होतं, ओढ नव्हती. उलट फोनवर ध्वनी कापणं-जोडणं ती कोणी न सांगता करत होती. मैत्रिणींच्या वाढदिवसाचे आवाज जोडून तिने केलेल्या दोन-दोन मिनिटांच्या फिती फोनमध्ये पडून होत्या. "हे काय उपक्रमात धरायचं?" असं तिनेच विचारलं.

आईचा मुद्दा

आईचं म्हणणं सरळ होतं: "मॅडम, पुढे प्रवेशाच्या वेळी यादी बघतात. वादविवाद, रोबोटिक्स हे दिसतं. नाटकात आवाज लावला, हे काय दिसणार?"

हा प्रश्न झटकण्यासारखा नाही. परदेशी विद्यापीठांसाठीच्या कॉमन ॲप्लिकेशन या अर्जात उपक्रमांच्या १० जागा असतात. प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं मिळतात, आणि शेजारी तो कोणत्या इयत्तांत केला, आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे हे भरावं लागतं. म्हणजे नावाबरोबर सातत्यही उघड होतं. एका वर्षात सोडलेले सहा उपक्रम तिथे सहा एकेरी खुणा होऊन उमटतात. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातल्या एका प्रकल्पाने २०१६ साली प्रवेशप्रक्रियेवर अहवाल काढला. विद्यार्थ्यांना दोन-तीनपेक्षा जास्त भरीव उपक्रम दाखवण्याचं दडपण वाटू नये, असं अर्जातच स्पष्ट लिहा, असं त्यात सुचवलं होतं. इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या पदविका अभ्यासक्रमातही (अकरावी-बारावीच्या तोडीचा आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रम) सृजन, शारीरिक हालचाल आणि सेवा हा भाग सुमारे १८ महिने चालू ठेवावा लागतो. पूर्वी तिथे १५० तास मोजून भरायचे असत. आता मुलं त्यातून काय शिकली याचा पुरावा मागतात.

आणि जिथे प्रवेश निव्वळ परीक्षेच्या गुणांवर होतो, तिथे या यादीला कोणी विचारत नाही. मग उपक्रम यादीसाठी करण्याला अर्थच उरत नाही. आपल्या मुलीच्या वाटेवर यातलं कोणतं लागू पडतं हे आईने आधी ठरवावं, एवढंच सुचवलं. आईचं पूर्ण समाधान झालं नाही. पहिलं सत्र संपेपर्यंत थांबायला मात्र ती तयार झाली.

काय ठेवलं, काय सोडलं, कसं सोडलं

ठेवलं: नाटक, पण अभिनयातून ध्वनीकडे बदली करून, ५ तास. धावणं ३ तास. एक जागा मुद्दाम रिकामी, २ तासांची. एकूण १०. तेराच्या तेरा तास भरले नाहीत, कारण आजारपण, पाहुणे, अचानक आलेली चाचणी यांनाही कुठून तरी वेळ काढावा लागतो.

धावण्यावर तीन प्रश्न लावले तर ते नापास होतं. ते ठेवलं शरीरासाठी. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल सुचवते, आणि बाकी सगळे उपक्रम बसून किंवा उभ्या उभ्या करायचे होते. स्पर्धा हवी असेल तर पुढे बघू, असं ठरलं.

परिषद, पर्यावरण मंडळ, मासिक आणि रोबोटिक्स एकाच आठवड्यात सुटले. न सांगता येणं बंद करणं ही मुलांची आवडती पद्धत, आणि सगळ्यांत वाईटही, कारण पुढच्या वर्षी त्याच शिक्षकांकडे जायला तोंड उरत नाही. तिने चौघांना एकाच साच्याचा निरोप पाठवला:

"सर, मी या सत्रात जास्त ठिकाणी नावं दिली आणि वेळ पुरत नाही. या शुक्रवारपासून मी मंडळात येणार नाही. माझ्याकडचं बॅनरचं काम पूर्ण करून कपाटात ठेवलं आहे. संधी दिल्याबद्दल आभार."

कारण एका वाक्यात, तारीख नेमकी, हातातल्या कामाची स्थिती स्पष्ट. "बघते, जमलं तर येईन" असं काही नाही. तेवढी फट ठेवली की महिनाभर बोलावणी येत राहतात.

वादविवाद लगेच सोडता आला नाही. जोडीदाराचं नाव तिच्यासोबत स्पर्धेत गेलं होतं आणि स्पर्धा साडेतीन आठवड्यांवर होती. तेवढे आठवडे ती गेली, स्पर्धा केली, मग थांबली. हा नियम सगळीकडे चालतो: एकट्याचं काम असेल तर कधीही सोडावं, दुसऱ्याचं नाव आपल्या नावाला जोडलेलं असेल तर तो टप्पा पुरा करून सोडावं. नाटकात भूमिका वाटून झाल्यावर सोडणं म्हणजे दहा जणांचा खोळंबा. तिची भूमिका गर्दीतली होती, म्हणून बदली जमली.

ध्वनीच्या टेबलावर

पहिले दोन आठवडे तिला फक्त बघायचं आणि लिहून घ्यायचं होतं. ध्वनी सांभाळणारा बारावीचा मुलगा सगळं डोक्यात ठेवून काम करत असे. तो वर्षअखेर जाणार होता आणि मागे कागद शून्य. तिने क्यू-शीट, म्हणजे कोणत्या क्षणी (क्यू) कोणता आवाज द्यायचा याची यादी, तयार केली: क्रमांक, कोणत्या वाक्यावर, कोणता आवाज, पातळी किती, किती सेकंदांत चढवायचा आणि उतरवायचा. अंकात ३१ क्यू निघाले.

पहिल्या पूर्ण तालमीत त्यातले नऊ चुकले. कारण एकच: तिने क्यू घड्याळाच्या वेळेवर लिहिले होते, "१२ मिनिटं ४० सेकंद" असे. नट रोज सारख्या वेगाने बोलत नाहीत. दहाव्या मिनिटाला कोणी दोन वाक्यं गाळली की पुढचे सगळे क्यू घसरतात. शीट पुन्हा लिहिली, प्रत्येक क्यू संवादाच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांना बांधला आणि त्याच्या आधी दोन ओळींवर "तयार" अशी खूण घातली. दुसरी फजिती लॅपटॉपची. शांत प्रसंगात संदेशाची टिंग स्पीकरमधून सभागृहभर घुमली. तेव्हापासून शीटच्या माथ्यावर यादी आली: इंटरनेट बंद, सूचना बंद, आपोआप झोपी जाणं बंद, चार्जर जोडलेला, सगळ्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर, फाइलींची नावं क्यूच्या क्रमांकानेच सुरू होणारी.

वर्षाच्या सुरुवातीला विचारलेले तिन्ही प्रश्न इथे एका टेबलावर जुळले. मधल्या काळात काम होतं, ते तिच्याच हातात होतं, आणि ती एक दिवस आली नाही तेव्हा तालीम मुकी झाली.

रिकाम्या जागेत काय आलं

दोन तासांची रिकामी जागा दुसऱ्या सत्रात भरली. तिला सेवेचं काही करायचं होतं. कल्पना: दृष्टिहीन मुलांसाठी पाठ्यपुस्तकातले धडे वाचून रेकॉर्ड करणं. संस्थेचं नाव आणि बोधचिन्हसुद्धा ठरलं होतं. मुलांच्या सेवाप्रकल्पांत बोधचिन्ह आधी तयार होतं आणि ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्याशी बोलणं शेवटी राहून जातं. इथे उलट क्रम लावला. आधी विशेष शिक्षिकेकडे जाऊन एकच प्रश्न विचारायचा: "मुलांचं कुठे अडतं?"

उत्तराने प्रकल्पच बदलला. साधा मजकूर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) वाचून दाखवतो, त्यासाठी नव्या आवाजाची फारशी गरज नाही. अडतं ते आकृत्यांवर, तक्त्यांवर, नकाशांवर. स्क्रीन रीडर तिथे "चित्र" म्हणून पुढे जातो. मग काम ठरलं आकृत्यांची तोंडी वर्णनं करण्याचं. त्याचा क्रमही शिक्षिकेने सांगितला: आधी आकृती कशाची आहे ते एका वाक्यात, मग एकूण मांडणी, मग भाग एका ठरलेल्या दिशेने, शेवटी बाणांचे संबंध. "इथे", "हे बघा" असे शब्द बाद. हृदयाच्या आकृतीचं तिचं पहिलं वर्णन चार मिनिटांचं झालं आणि ऐकणाऱ्या मुलाने मधेच थांबवलं. उजवं-डावं कोणाचं, बघणाऱ्याचं की शरीराचं, हेच तिने सांगितलं नव्हतं. तिसऱ्या वेळी ते दीड मिनिटावर आलं.

ही वर्णनं पुस्तकाच्या पानांसह इंटरनेटवर टाकावीत, असं तिच्या मनात होतं. ते थांबवलं. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी कॉपीराइटच्या अडथळ्याविना सुलभ प्रती करायला वाट मोकळी करणारा माराकेश करार २०१३ साली झाला आणि २०१६ पासून अमलात आहे. पण त्याची सवलत लाभार्थी आणि अधिकृत संस्थांपुरती असते, सगळ्यांसाठी पानं खुली करायला नाही. फाइली विशेष शिक्षिकेमार्फतच द्यायच्या ठरल्या. आठवड्याला दोन आकृत्या, एवढाच वेग दोन तासांत बसतो.

जे आमच्या आखणीत चुकलं होतं, ते वर्षाने दाखवलं

आठवड्याचे १० तास ही सरासरी होती. नाटकाच्या शेवटच्या आठवड्यात एकट्या ध्वनीला १६ तास लागले, आणि तो आठवडा घटक चाचणीला चिकटून आला. धावणं पूर्ण बंद, आकृत्या बंद, गणितात गुण कमी. नंतर तिने दहा दिवसांच्या खंडानंतर एकदम जुन्याच अंतराने धावायला सुरुवात केली आणि नडगी दुखायला लागली.

म्हणून दुसऱ्या वर्षाच्या आखणीत आठवड्याच्या कागदाशेजारी वर्षाचा कागद आला. त्यावर फक्त शिखरं लिहायची: प्रयोग, स्पर्धा, परीक्षा. दोन शिखरं एकाच पंधरवड्यात येत असतील तर त्याच्या तीन आठवडे आधीच संबंधित शिक्षकांना सांगायचं, आणि सुट्टीनंतर धावणं निम्म्या अंतरापासून सुरू करायचं. महिन्याच्या शेवटी दहा मिनिटांची नोंद: तास किती गेले, काय तयार झालं, ते काम कोणी पाहिलं आणि त्याबद्दल सांगू शकेल. शेवटचा रकाना आईसाठी घातला होता. पुढे शिफारसपत्र लागलं तर कोणाकडे जायचं हे त्यातून आपोआप कळतं.

दहावीच्या सुरुवातीची स्थिती अशी: ध्वनीचं टेबल तिच्याकडे आलं आहे आणि नववीतला एक मुलगा हाताखाली आहे. त्याला पहिल्याच दिवशी क्यू-शीटची प्रत मिळाली. आकृत्या चालू आहेत. वादविवादाच्या शिक्षकांनी पुन्हा विचारलं होतं; आईला ते हवं आहे, मुलीला नको. निर्णय पहिल्या घटक चाचणीनंतर, दोन्ही कागद समोर ठेवून घ्यायचा आहे. नव्या वर्षात गृहपाठ १४ तासांवरून १८ वर गेला आहे, म्हणजे उपक्रमांसाठी तेराऐवजी नऊच तास उरतात, आणि वादविवादाला त्यातले साडेपाच लागतात.